चिसोमोच्या समाचाराला

माझ्या मैत्रिणी केरळ, काश्मीर, हल्ली तर व्हिएतनामलाही जाऊन येतात आणि आल्यावर आम्हाला चहाला बोलावून सगळं सांगतात. मी जो प्रवास सांगणार आहे तो डोंबिवलीहून कल्याण, मग ठाण्याजवळचं कोलशेत आणि परत डोंबिवली, एवढाच आहे. अठ्ठावीस वर्षं मी इथे राहते. तरी त्या तीन दिवसांत मी जेवढी हबकले तेवढी कुठल्याही परमुलखात हबकले नसते असं वाटतं, म्हणून लिहिते आहे.

मी ठाण्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. गेली काही वर्षं आमच्याकडे परदेशी विद्यार्थी येतात आणि त्यांचं स्वागत करायचं काम माझ्याकडे आहे. स्वागत म्हणजे एरवी एक गुलाबाचं फूल, प्राचार्यांचं भाषण आणि समोसा. त्या वर्षी मात्र हॉस्टेलची दुरुस्ती लांबली. मुलं यायची थांबली नव्हती, म्हणून आम्ही प्राध्यापकांनी एकेक विद्यार्थी काही दिवसांसाठी घरी न्यायचं ठरवलं. माझ्या वाट्याला आली चिसोमो. आफ्रिकेतल्या मलावी देशातली, मोठ्या सरोवराच्या काठावरच्या गावातली, पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करायला आलेली. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते आणि रिक्षावाल्याशी मराठीतून भांडते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागणार नाही.

आमचं बोलणं इंग्रजीतून व्हायचं. इथे ते मराठीत देते.

डोंबिवली आणि कल्याण, शनिवार

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली आणि जेवून लगेच झोपली. शनिवारी सकाळी मी तिला फडके रोडवर फिरायला नेलं. आपलं गाव दाखवायचं म्हणून मी मुद्दाम चांगली साडी नेसले होते. गणपतीचं देऊळ दाखवलं, पुस्तकांची दुकानं दाखवली, मग एका पोळीभाजी केंद्रापुढे ती थबकली. आत चार बायका भराभर पोळ्या लाटत होत्या आणि बाहेर माणसं डबे घेऊन उभी होती.

"ह्या सगळ्यांच्या घरी कोणी आजारी आहे का?" तिने विचारलं.

मी हसले. म्हटलं, नाही, दोघंही नोकरीला जातात, वेळ नसतो. तिच्या गावात शिजवलेलं अन्न बाहेरून आणायचं म्हणजे घरात काहीतरी झालंय असं समजतात. मग शेजारणी न विचारता आत येतात. मला ते ऐकून बरं वाटलं, थोडी भीतीही वाटली. आमच्या घरी आठवड्यातून चार दिवस पोळ्या तिथूनच येतात.

तोवर लोक तिच्याकडे बघतायत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही, पण मी त्याकडे कानाडोळा करत होते. एका गृहस्थाने तर तिला न विचारता आपल्या मुलाला तिच्या शेजारी उभं करून फोटो काढला. आम्ही फळं घ्यायला थांबलो. तो फळवाला माझा पंधरा वर्षांपासून ओळखीचा. त्याने पेरू तोलता तोलता मला विचारलं, "ताई, ही कुठली? नायजेरियन का? घरात ठेवलीय? सांभाळून हां, ही लोकं कशी असतात काय सांगता येत नाय."

हे त्याने अगदी आपुलकीने सांगितलं, आवाजही खाली न करता. मी इतकी चरकले की पेरू घ्यायला पुढे केलेली पिशवी तशीच धरून राहिले. चिसोमोने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, म्हणाला, आमच्या गावात तुझं स्वागत आहे. ती त्याच्याकडे बघून मान लववून हसली. थोडं पुढे गेल्यावर शांतपणे मला म्हणाली, "स्वागत करताना माणसाचा चेहरा तसा होत नाही." मग तिने एक पेरू पुसून खाल्ला आणि गोड आहे म्हणाली. विषय तिने संपवला. माझा संपला नाही.

दुपारी श्रीकांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गाडी काढली आणि आम्हाला कल्याणला नेलं. तो एका कारखान्यातून निवृत्त झालाय आणि मुळात फार कमी बोलतो. दुर्गाडी किल्ल्यावरून खाडी दिसते. एकेकाळी इथे दूरदेशीची जहाजं लागायची, हे मी तिला शिक्षिकेच्या सुरात सांगितलं. खाली पुलावर एक माणूस स्कूटर थांबवून उतरला. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतलं निर्माल्य दोन्ही हातांनी कपाळाला लावलं, डोळे मिटले, आणि पिशवीसकट पाण्यात फेकलं.

"तो त्या पाण्याची प्रार्थना करत होता ना?" चिसोमोने विचारलं.

मी हो म्हटलं. ती पिशवी फुगून कुठवर जाते ते आम्ही तिघं बघत राहिलो. हे मी शेकडो वेळा पाहिलेलं आहे. पण आपण नेमकं काय करतो ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसल्यासारखं झालं. शेवटी श्रीकांत म्हणाला, चला, भजी खाऊ. भजी तिला फार आवडली. तिच्या भावाला भज्यांचा फोटो गेला. भावाचं नाव लिम्बानी. तो मिनीबस चालवायचा आणि त्यानेच तिला विमानतळावर सोडलं होतं. वाटेत दोनदा बस थांबवून, काही विसरली नाहीस ना, असं विचारलं होतं म्हणे. ती जे काही पाहील त्याचा फोटो त्याला जायचा आणि त्याचं उत्तर यायचं, बहुतेक वेळा चेष्टेचं. भज्यांना त्याने लिहिलं होतं, 'तळलेली फुलं खातेस? तिथे जेवायला देत नाहीत का?'

कोलशेत, रविवार

कोलशेतला मी बी.एस्सी.च्या मुलांना दरवर्षी तिवरं दाखवायला नेते. खाडीच्या चिखलात उभी राहणारी, मुळं वर काढून श्वास घेणारी ही झाडं. तिथे नलूताई राहतात. कोळ्याच्या घरातल्या, साठीच्या, अंगाने भक्कम. त्यांच्या यजमानांची होडी आहे, आणि तीच आमची फिरती प्रयोगशाळा. चिसोमोचा विषय पाणथळ जागांचाच, म्हणून रविवारी मी तिला तिकडे घेऊन गेले. श्रीकांत घरी राहिला.

भरतीला अवकाश होता, म्हणून नलूताईंनी आधी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, निवट्यांचं कालवण आणि सुकटीची चटणी. निवटी हा चिखलात उड्या मारणारा मासा माझ्या डोंबिवलीतल्या पाहुण्यांना दाखवला तरी ते ताटावरून उठतात. चिसोमोने सुकटीचा वास घेतला आणि डोळे मोठे केले. तिच्या सरोवरात अगदी अशीच बारीक मासळी मिळते आणि ती अशीच उन्हात वाळवतात. तिने भाकरीचा तुकडा मोडून, बोटांनी दाबून खळगा केला आणि त्यात कालवण भरून खाल्लं. त्यांच्याकडे मक्याच्या पिठाची घट्ट उकड अशीच खातात. नलूताई बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही आमचीच हाय. मॅडम, तुमाला अजून असा खायला येत नाय."

ते खरं आहे.

जेवण झाल्यावर आम्ही चौघं होडीत बसलो. नलूताई सहसा येत नाहीत, पण त्या दिवशी आल्या. ऊन होतं, पण वारा सुटला होता. डाव्या हाताला तिवरं, मधून उडणारे बगळे, आणि त्यांच्या पाठीमागे घोडबंदर रोडचे तीसचाळीस मजली मनोरे. त्या मनोऱ्यांची जाहिरात खाडीचं दर्शन म्हणून होते. आम्ही खाडीतून त्यांचं दर्शन घेत होतो. तिवरांच्या मुळांना चिंध्या, थर्माकोल, चपला अडकलेल्या. चिसोमो वाकून एकेक मूळ बघत होती आणि मला नावं विचारत होती. नलूताईंचे यजमान दादा म्हणाले की आता जाळं टाकायला बरंच लांब, वसईच्या बाजूला जावं लागतं. ते मी तिला सांगितलं. तिने मान हलवली, त्यांच्या सरोवरातही तेच चाललंय म्हणाली.

तिचं इथलं सिमकार्ड अजून सुरू झालं नव्हतं, म्हणून बाहेर असलो की माझ्या फोनवरून तिला इंटरनेट द्यावं लागे. होडी खाडीच्या मध्यावर आली तेव्हा तिने मला ते सुरू करायला सांगितलं. तिला दादांचा वल्हं मारतानाचा फोटो भावाला पाठवायचा होता. तिच्या गावात वल्हं वेगळ्या प्रकारचं असतं, आणि ह्यावर त्याला काहीतरी बोलायला मिळेल याची तिला खात्री होती.

मी सुरू केलं. तिचा फोन वाजायला लागला. एकामागून एक, थांबेचना. मला वाटलं, घरच्यांनी फोटोंना उत्तरं दिली असतील. मी हसून तिच्याकडे पाहिलं. ती वाचत होती. तिचा चेहरा अगदी रिकामा झाला. काय झालं, असं मी विचारलं. तिने फोन माझ्यापुढे धरला. मला ती भाषा येत नाही हे तिच्या लक्षातच नव्हतं. मला त्यात फक्त लिम्बानी हे नाव वाचता आलं, पुन्हा पुन्हा आलेलं.

पहाटे त्याची मिनीबस एका ट्रकवर आदळली होती.

तिने हे मला दोन वाक्यांत सांगितलं. मग ती रडली. रडली म्हणजे काय ते मला लिहिता येईल की नाही, शंकाच आहे. आम्ही रडतो ते तोंडात पदर कोंबून. माझे वडील गेले तेव्हा मी न्हाणीघरात नळ सोडून रडले होते. हिने मान वर केली आणि छातीतून एक लांबलचक हाक काढली, भावाच्या नावाची. ती हाक पाण्यावरून गेली आणि तिवरांतले बगळे उठले. मग दुसरी. मी दगडासारखी बसून राहिले. माझ्या मनात पहिला विचार काय आला तर, लोक ऐकतील. त्या खाडीत होतं कोण ऐकायला?

नलूताईंना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्या उठल्या, होडी डुलली, दादांनी तोल सावरला. त्या चिसोमोच्या शेजारी बसल्या, तिचं डोकं स्वतःच्या खांद्यावर दाबून धरलं आणि स्वतःही मोठ्याने रडायला लागल्या. "रड गो माजे बाय, रड. कोन गेला गो तुजा?" असं सुरात म्हणत होत्या. ते रडणं खोटं नव्हतं. त्यांना नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं, कोण गेलं तेही माहीत नव्हतं. दोघींचे आवाज एकमेकींत मिसळले. दादांनी एकदा डोळे पुसले आणि होडी वळवली.

परत आलो तोवर ओहोटी लागली होती. धक्क्यापाशी पाणी सरकून चिखल उघडा पडला होता, होडी पुढे जाईना. उतरून चालावं लागलं. गुडघाभर काळा चिखल, एका बाजूने नलूताई, एका बाजूने मी, आणि मध्ये चिसोमो. माझी एक चप्पल आत राहिली ती राहिलीच. चिसोमोला चालवताना माझ्या लक्षात आलं की ती मला धरून आहे आणि मी नलूताईंकडे बघून पाय टाकते आहे. घरी नेऊन नलूताईंनी स्वतः तिचे पाय धुतले. मला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी डोंबिवलीला घरी आलो. तिचं घरी बोलणं झालं. दफन दुसऱ्याच दिवशी दुपारी होतं. विमानं बदलत जायचं तर ती वेळेवर पोचणं शक्यच नव्हतं, आणि तिच्या काकांनी, तू येऊ नकोस, असं बजावलं. तिने फोन ठेवला आणि आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून खाली बसली. सोफ्यावर बस म्हटलं तर नको म्हणाली. श्रीकांतने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

बराच वेळ गेल्यावर तिने मला विचारलं, "माणसं कधी येतील?"

मला कळेना. मी विचारलं, कोणती माणसं?

तिने समजावून सांगितलं. लहान मुलाला सांगावं तसं. तिच्या गावात मरणाची बातमी कळली की माणसं येतात. बोलवावं लागत नाही. बायका आत चटईवर बसतात, पुरुष बाहेर. कोणी गातं, कोणी नुसतं बसतं. घरातल्या माणसाला एकटं सोडत नाहीत, दफन होईपर्यंत तर नाहीच. तिची आई आता बायकांनी भरलेल्या घरात बसली होती. तसं तिला फोनवर दिसलं होतं.

"इथे अजून कोणाला कळलं नाहीये," मी म्हणाले.

"मग त्यांना कळवा," ती म्हणाली.

तिच्या आवाजात विनंती नव्हती. पाणी हवंय असं सांगावं तसं तिने सांगितलं. आणि मला धक्का बसला तो ह्याचा, की कोणाला कळवलं तर कोणी येईल असं मला खरोखर वाटत नव्हतं. ज्या इमारतीत मी अठ्ठावीस वर्षं राहते तिच्याबद्दल.

डोंबिवली, सोमवार

सकाळी उठून मी इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. आमच्याकडे पाहुणी आलेल्या विद्यार्थिनीचा भाऊ अपघातात गेला आहे, तिला घरी जाता येत नाही, आज तिच्यासोबत थोडा वेळ बसायला आलात तर तिला आधार वाटेल. दोनदा वाचून पाठवलं. लगेच उत्तरं यायला लागली. हात जोडलेली चित्रं. एकाखाली एक, रांगच लागली. कोणी भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलं, कोणी फुलांचं चित्र टाकलं. दार कोणी वाजवलं नाही.

सेक्रेटरी सामंतांचा फोन मात्र आला. परदेशी नागरिक इमारतीत आहे याची पोलिसांना माहिती दिली आहे का, असं त्यांनी विचारलं. कॉलेजने दिली आहे, मी म्हटलं. बरं, मग ठीक, म्हणाले. आणि वाईट झालं, म्हणाले. चिसोमो आतल्या खोलीतून बाहेर आली की दाराकडे बघायची. मी पंखा कमीजास्त करत राहिले, काहीतरी हाताला हवं म्हणून.

श्रीकांत हे सगळं बघत होता. त्याने माझ्या हातातून फोन घेऊन ती जोडलेल्या हातांची रांग पाहिली. मग शर्ट बदलला, चपला घातल्या आणि बाहेर पडला. जिन्यात त्याचा आवाज ऐकू आला. मी दाराआड उभी राहून ऐकलं. हा माणूस सोसायटीच्या सभेत वीस वर्षांत एकदा बोललाय, तोही पाण्याच्या टाकीबद्दल. तो तळमजल्यापासून सुरू झाला. प्रत्येक बेल वाजवून तेच सांगत होता, "आमच्याकडे एक मुलगी आलीय. तिचा भाऊ गेला. ती एकटी बसलीय. तुम्ही या." एवढंच. कारण नाही, आग्रह नाही.

तेवढ्यात नलूताईंचा फोन आला.

"मॅडम, पोरगी घरान एकटी हाय का?"

मी म्हटलं, आम्ही दोघं आहोत.

"मंजे एकटीच," त्या म्हणाल्या. "इमारतीचा नाव सांगा. आमी येताव."

पहिली बेल वाजली ती दुपारच्या जेवणाच्या वेळी. दारात दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकू. वय पंचाहत्तरच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले, सोवळंओवळं कडक. लिफ्ट बंद होती, म्हणजे त्या जिना चढून आल्या होत्या. माझ्या घरी मासे शिजले की वास खाली जिन्यात जातो आणि त्या नाकाला पदर लावतात. त्यांच्यामागे त्यांची सून, हातात पातेलं. काकूंनी आत येऊन कोणालाही काही विचारलं नाही. चिसोमो भिंतीशी बसलेली पाहिली आणि मला म्हणाल्या, "घरात आज चूल पेटवली नाहीस ना? पिठलं-भात आणलाय." मी खुर्ची पुढे केली. त्या म्हणाल्या, "मयताच्या घरी खुर्चीवर बसतात का?" मग सुनेचा हात धरून, भिंत धरून, टीपॉय धरून त्या हळूहळू जमिनीवर बसल्या. ते बसणं बघवत नव्हतं.

चिसोमो त्यांच्याकडे बघत होती. मग तिने सरकून त्यांच्या शेजारी जागा घेतली. काकूंनी तिचा हात हातात घेतला. त्यांना इंग्रजी येत नाही, तिला तेव्हा मराठी येत नव्हती.

"मोठा होता की धाकटा?" काकूंनी मला विचारलं. मी सांगितलं, मोठा. "लग्न झालेलं?" मला माहीत नव्हतं. चिसोमोला विचारलं. झालेलं होतं, दोन मुली. तिने काकूंना बोटांनी त्या केवढ्या आहेत ते दाखवलं. काल संध्याकाळपासून आम्ही तिला चहा विचारला होता, विमानांचं विचारलं होतं, झोप लागली का विचारलं होतं. तिच्या भावाबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. तो विचारल्यावर ती बोलायला लागली आणि थांबेना. मी सांगत गेले, काकू हुंकार देत गेल्या.

हळूहळू दार वाजत राहिलं. वरच्या मजल्यावरचे नायर पतिपत्नी आले. समोरच्या दारातली नोकरी करणारी मुलगी घरून काम करत होती, ती लॅपटॉप बंद करून आली. पुरुषांना श्रीकांतने जिन्यात खुर्च्या टाकून दिल्या, हे त्याला कोणी सांगितलं मला माहीत नाही. माणकोलीच्या पुलावरून रिक्षा करून नलूताई आल्या, बरोबर कोलशेतच्या तीन बायका. सगळ्या नऊवारी नेसलेल्या, केसांत फूल नाही. आल्याबरोबर त्यांनी चिसोमोला मिठी मारून मोठ्याने रडून घेतलं. आमच्या इमारतीच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नायर वहिनींनी खिडकी लावायला हात पुढे केला आणि मग तसाच मागे घेतला.

सामंत आले नाहीत. रोज समोरासमोर भेटणारी आणखी तीन घरंही आली नाहीत. हेही सांगायला हवं. आजही आम्ही जिन्यात भेटतो, हसतो, आणि तो विषय कोणीच काढत नाही.

मलावीची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. उन्हं कलली तेव्हा चिसोमोचा फोन वाजला. कोणीतरी चुलत भाऊ तिकडून चित्र दाखवणार होता. तिने फोन पिठल्याच्या पातेल्याला टेकवून ठेवला आणि आम्ही सगळ्याजणी त्याच्याकडे तोंड करून बसलो. लाल माती. खूप माणसं, एवढी की चित्रात मावत नव्हती. बायकांनी अंगावर रंगीत कापडं गुंडाळलेली. गाणं चाललं होतं. अनेक आवाजांत, एक पट्टी वर, एक खाली, कोणी वाद्य वाजवत नव्हतं. चिसोमो त्या गाण्यात सामील झाली. तिचा आवाज इथे आधी यायचा आणि त्यांचा मागून, थोडा उशिरा. शवपेटी खाली गेली तेव्हा चित्र अडकलं. तुटक तुकडे दिसत राहिले, एक फावडं, एक पाठ, मग काहीच नाही. कोलशेतच्या बायका दबक्या आवाजात रडत होत्या. मला वाटलं होतं, चित्र तुटल्यावर ती कोसळेल. ती गात राहिली. समोर काळा पडदा आणि ही शेवटपर्यंत गाते आहे.

थोड्या वेळाने चित्र परत आलं. आता फोन कोणीतरी तिच्या आईपाशी नेला होता. बारीक अंगाची बाई, डोक्याला फडकं बांधलेलं, चटईवर बसलेली. मग चिसोमोने फोन उचलून खोलीभर फिरवला. भिंतीला टेकलेल्या बायका, दारात उभा असलेला श्रीकांत, जिन्यातले पुरुष. आम्हाला काय करावं कळेना. कोणी नमस्कार केला, कोणी नुसतीच मान खाली घातली.

ह्याच वेळी कुलकर्णी काकूंना उठायचं होतं. किती वेळ झाला होता त्यांना तसं बसून, आणि घरी दिवेलागणीची वेळ. त्यांनी टीपॉयला हात घातला, एक गुडघा वर केला, आणि तिथेच अडकल्या. सून पलीकडे होती. फोन नेमका त्यांच्यावर आला.

पडद्यातली ती बाई पुढे झुकली. काहीतरी भराभर बोलली, हाताने दाखवत. चिसोमोने फोन माझ्या हातात देऊन काकूंना काखेत धरलं. मी विचारलं, आई काय म्हणाली?

"म्हणाली, त्या आजीचे पाय दुखतायत, तू माझ्याशी बोलत काय बसलीस, आधी त्यांना उठव."

मी ते मराठीत सांगितलं. काकू अर्ध्या उठल्या होत्या, एक हात चिसोमोच्या खांद्यावर, एक टीपॉयवर. त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं, त्यातल्या बाईकडे. मग हळूहळू, भिंत धरून, त्या परत खाली बसल्या.

"तिला सांग," त्या मला म्हणाल्या, "मला काही घाई नाही."